हाताने घ्यायचं पाणी

जयपूर, २८ मार्च

संकल्प,

जयभीम. वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, रागाने खोडलं. मग वाटलं, आईने असला शब्द खोडू नये, म्हणून कागदच बदलला. आता नुसतं नाव आहे. चिरंजीव तू आहेसच, ते वेगळं कशाला लिहायला हवं?

फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडते आणि तू 'हूं, हूं' करतोस. पत्रात निदान तुझं हूं ऐकू येत नाही. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे मला. हिंदी शाळेत आम्हीच घातलं. म्हणून अक्षर मोठं काढतेय. लागू दे वेळ. तेवढा वेळ तरी माझ्यापाशी बसशील.

गेल्या मे महिन्यापासून आपण बोललेलो नाही. बाबा तुझ्याशी बोलतात, गच्चीवर जाऊन. मला सांगतात, "कबुतरांना दाणे टाकून येतो." दाण्यांचा डबा इथे खाली आणि हे वर! आयुष्यभर रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी केली, पण धड खोटं बोलायला काही शिकले नाहीत.

तो व्हिडिओ मला मुरलीधरजींनी दाखवला होता. आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी, बिचारे कौतुकाने धावत आले, "भाभीजी, अपना संकल्प मोबाइल में!" मराठवाड्यातलं कुठलंसं स्टेशन, दुष्काळी गावांना पाणी नेणारी टाक्यांची गाडी उभी, आणि तिच्या बंदोबस्ताला माझा मुलगा, रेल्वे पोलिसाच्या खाकी वर्दीत. समोर एक नऊवारीतली म्हातारी, कमरेवर भरलेली कळशी. तू ती कळशी तिच्याकडून घेतलीस आणि रुळाशेजारच्या खडीवर उपडी केलीस. मुरलीधरजी म्हणाले, "क्या रौब है!" मी तिथल्या तिथे तुला फोन लावला आणि म्हणाले, तू माझा नाहीस. म्हणाले ते म्हणाले. अजून परत घेतलेलं नाही.

दुसऱ्या कुणाच्या पोराने केलं असतं तर मी चहा पीत बघितलं असतं. पण तू कुठल्या घरातला?

भुसावळहून बदली होऊन इथे आलो तेव्हा तू कडेवर होतास. स्टेशनाजवळच्या क्वार्टरपुढे एक प्याऊ होता. प्याऊ म्हणजे आपली पाणपोईच, पण तिथला म्हातारा तोटीच्या झारीतून वरून धार सोडायचा आणि लोक खाली ओंजळ धरून प्यायचे. तो सगळ्यांनाच तसं द्यायचा, जात विचारून नव्हे, इकडची रीतच ती. पण तुझे बाबा तहानलेले तिथे गेले आणि तहानलेलेच परत आले. म्हणाले, "माझी आजी जन्मभर ओंजळीने प्यायली. ओंजळीने प्यायचं तर वाकावंच लागतं." आणि त्या चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, त्यांनी फाटकाबाहेर माठ मांडले. नियम एकच. आमच्या पाणपोईवर कुणी वाढत नाही. झाकण काढा, ओगराळं बुडवा, पेला भरा, ताठ उभं राहून प्या.

पहिल्या दिवशी कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. "सबका जूठा!" म्हणत लोक नाक मुरडून जायचे. बाबा हटले नाहीत. संध्याकाळी स्वतःच सगळं पाणी प्यायल्यासारखे टम्म होऊन बसले होते.

सांगानेरला हे घर घेतल्यावर, कॉलनीच्या फाटकाबाहेर मांडलेल्या पाणपोईला मात्र बरकत आली. छपाईच्या कारखान्यांत जाणारे कारागीर, कापड धुणाऱ्या बायका बसची वाट बघत उभ्या असायच्या. तू शाळेतून आलास की दप्तर फेकून पेले विसळायला बसायचास. कारागिरांची बोटं निळी, त्यामुळे पेल्यांवर निळे ठसे उठायचे, आणि ते घासता घासता तू ओळखायचास, "आई, ये द्वारका मौसीचा पेला!" कापड धुणाऱ्या द्वारकाची करंगळी वाकडी, ठसाही वाकडा. शेजारीण म्हणायची, पोराला भांडी घासायला लावता? तू म्हणायचास, "मैं इन्चार्ज आहे." कसलं ते मराठी!

यंदा मार्चमध्येच लूचा भाजणारा वारा सुटला आहे. कॉलनीची बोअर आटली. आता टँकर येतो. बाकी ठीक.

तुझी आई

जयपूर, ७ एप्रिल

संकल्प,

उत्तर मागितलं नव्हतं, त्यामुळे आलं नाही याचं वाईट वाटून घेत नाहीये. थोडं घेतेय.

आपल्या वरच्या खोलीत अनिमेष नावाचा पुण्याचा मुलगा भाड्याने राहतो. इथेच झालाना भागात ऑफिस. रविवारी माझ्याकडे पोहे खातो. कशावर काम करतोस रे, विचारलं तर म्हणाला, "काकू, हवामान बदल हा आता सुरक्षेचा प्रश्न झालाय." म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाला, उन्हाळे वाढतायत, जमिनीतलं पाणी खाली चाललंय, पाऊस आला की एकदम कोसळून निघून जातो. लोक गावं सोडतील, पाण्यावरून डोकी फुटतील. मोठमोठ्या देशांची सैन्यंसुद्धा आता याचा विचार करतात म्हणे. "पुढची भांडणं पाण्यावरून होणार, काकू." म्हटलं, बाळा, नळावरची भांडणं मी भुसावळला फ्रॉक घालायच्या वयापासून बघतेय, तुम्हाला आत्ता कळली होय? हसला बिचारा. मग हळूच म्हणाला, "पण तेव्हा नळावर पोलीस नसायचे ना?"

मला तू आठवलास. मी त्याच्या पोह्यांवर आणखी शेव घातली आणि विषय बदलला.

इथेही तेच चाललंय. टँकर आत घेतला की आपलं सरकतं लोखंडी फाटक बंद करतात, आणि काठी घेतलेला चौकीदार उभा राहतो. कधी काळी मुरलीधरजी बोअरच्या पाण्याने रोज गाडी धुवायचे, ते आता 'जल सुरक्षा समिति' काढून बसलेत. आणि अध्यक्ष कोण माहीत आहे? मी! "भाभीजी, आप पर सबको भरोसा है." पाणपोईवाली बाई म्हणून. मी आधी नको नको म्हटलं, मग एका अटीवर हो म्हटलं, पाणपोई बंद होणार नाही. आमच्या वाट्याच्या पाण्यातून मी माठ भरीन.

मुरलीधरजी म्हणाले, ठीक, पण यंदा जयंतीला दोरी बांधू, रांग लावू, एक माणूस उभा करून एकेकाला पेला भरून देऊ. मी म्हटलं, माणूस-बिणूस काही उभा राहायचा नाही. आमच्या पाणपोईवर कुणी वाढत नाही. बाबा सुपारी चघळत ऐकत होते. घरी आल्यावर म्हणाले, "सुलोचना, यंदा पाणी कमी आहे." म्हटलं, नियम तुमचाच ना?

गच्चीवर झोपायचो ते आठवतं? संध्याकाळी गच्चीवर बादल्या भरभरून पाणी शिंपायचो. तापलेल्या लादीतून वाफ निघायची, मातीचा वास यायचा, मग त्यावर गाद्या. तू पाण्यात घसरत जाऊन कठड्याला आपटायचास आणि पुन्हा घसरायचास. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्याच्यावर दर तासाला तांब्याभर पाणी. केवढं पाणी ओतलं रे आपण! तेव्हा ते ओतणं वाटायचंच नाही. आता गच्ची भाजत असते आणि शिंपायला हात धजत नाही.

दर जयंतीला तू येतोस. कुठेही पोस्टिंग असो, गेल्या वर्षीसुद्धा आला होतास. यंदा ये म्हणत नाही मी. येऊ नको असंही म्हणत नाही.

तुझी आई

जयपूर, १५ एप्रिल

संकल्प,

काल जयंती झाली. तू आला नाहीस. बरंच झालं म्हणा.

गर्दी चांगली झाली. पांढरी साडी नेसले होते, ती तू पहिल्या पगाराची घेतलेली. खीर उरली. संध्याकाळच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो नाही, जरा थकवा होता. तुझं ते दुसरीतलं भाषण आठवून बाबा हसत होते, "आदरणीय गुरुजनो आणि मेरे मित्रांनो." हॉलमध्ये केवढी टाळी पडली होती! आणि मग तू पुढचं सगळं विसरलास आणि माईकवरच म्हणालास, "आई, आगे काय?"

द्वारकाला थोडं लागलं आहे. काळजीचं कारण नाही.

माठ फुटले, ते नवे घ्यावे लागतील. अध्यक्षपद सोडलं मी. कंटाळा आला.

तुझी आई

जयपूर, १९ एप्रिल

संकल्प,

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नाही. आज लिहिते, म्हणजे डोक्यातून जाईल. जाणार नाही, पण लिहिते.

द्वारका राहते त्या धुलाईच्या गल्ल्यांमध्ये आठवडाभर नळाला पाणी नव्हतं. मला माहीत नव्हतं. कॉलनीचा टँकर मोजत बसले होते ना, बाहेर काय चाललंय कुठून कळणार! आणि त्या गल्ल्यांमध्ये बातमी गेली की, मराठी बहनजीच्या प्याऊवर कुणी अडवत नाही. खरंच होतं ते. इतकी वर्षं त्याचाच तर तोरा होता मला.

सकाळी पेल्याने पिणारे आले. उन्हं चढली तशा हंडे, बादल्या, प्लास्टिकचे डबे घेऊन बायका आल्या. माठात ओगराळं जाईना, तर कुणी हंडाच बुडवला. नियमाप्रमाणेच वागल्या ना त्या, हाताने घेतलं! घटकेत माठ कोरडे. मागच्यांना दिसत नव्हतं, ते पुढे रेटत राहिले. माठ खाली आले, खापऱ्या सगळीकडे. मी ओरडत होते, "रुको, रुको," पण लाऊडस्पीकरवर भीमगीतं लागलेली, कोण ऐकतंय? नेमका तेव्हाच टँकर आला. त्याच्यासाठी फाटक उघडलं आणि सगळी गर्दी टँकरमागे आत घुसायला लागली. चौकीदार घाबरला. कोवळं पोर ते, काठी टाकून त्याने जीव खाऊन फाटक ढकललं. फाटकाचं चाक द्वारकाच्या पावलावरून गेलं.

बाबासाहेबांच्या जयंतीला, आपल्या पाणपोईवर.

तिला दवाखान्यात नेलं. हाडं मोडली आहेत, पाय प्लास्टरमध्ये आहे. काल तिच्या घरी गेले. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, नाहीतर विचारील की फाटक का लावलं, आम्ही काय चोर आहोत? उत्तरं पाठ करून गेले होते. ती खाटेवर बसून भेंडी चिरत होती. मला बघून पाय आवरायला गेली आणि कळवळली. मग म्हणाली, "बहनजी, वहाँ कोई खड़ा क्यों नहीं था?"

एवढंच विचारलं तिने. कुणी तरी म्हणायला हवं होतं ना, थांबा, संपलंय, मागे व्हा. कुणी तरी हात आडवा करायला हवा होता. तो माणूस मीच नको म्हटला होता, रे. मला वाटलं उभा राहणारा म्हणजे वरून ओतणारा. दुसरा कुठला उभा राहणारा मी बघितलाच नव्हता.

घरी येऊन खूप रडले. बाबा जवळ बसले आणि वर्षभर पोटात ठेवलेलं बोलून गेले. म्हणाले, त्या व्हिडिओत दिसत नाही, पण गाडीला सिग्नल मिळाला होता, ती सुटणारच होती. डब्याखालच्या गळक्या नळीवर बायका हंडे लावून बसल्या होत्या, म्हातारी तिथूनच कळशी भरून निघालेली. तिचं बघून आणखी बायका गाडीखाली शिरत होत्या. शिट्ट्या मारून, ओरडून कुणी ऐकेना. तेव्हा संकल्पने सगळ्यांसमोर कळशी उपडी केली, की बघा, मिळणार नाही, निघा बाहेर. निघाल्या. मग गाडी हलली.

मी म्हटलं, मग हे मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, "त्यानेच नको सांगितलं. म्हणाला, आई खोटं नाही बोलली, पाणी मी ओतलंच आहे."

गाढवा! वर्षभर मला तुझ्यावर रागवू दिलंस. मी रोज देव नसलेल्या घरात कुणाकुणाला हात जोडत होते, की माझ्या पोराचं काळीज असं कसं झालं. आणि तू तिकडे हूं हूं करत बसला होतास!

पण संकल्प, माझं समाधान झालेलं नाही. बायका वाचल्या, हे खरं. म्हातारीची कळशी रिकामी झाली, हेही खरं. एकातून दुसरं मला वजा करता येत नाही. मला एकच सांग. गाडी गेल्यावर त्या आजीला पाणी दिलंस का?

एवढंच सांग. फोनवर नको. लिहून पाठव, तोडकंमोडकं चालेल.

तुझी आई

जयपूर, ४ मे

संकल्प,

तुझं पत्र आलं. बाबांनी पाकीट फोडू दिलं नाही, चष्मा पुसून स्वतः फोडलं, आणि मग वाचायला मलाच दिलं. त्यांना वाचवेना.

इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालं. तुझंच तुला लिहून दाखवते, म्हणजे आईने नीट वाचलं हे कळेल:

'आई, नाही दिलं. गाडीच्या बरोबर मला जायचं होतं, मी चढून गेलो. पाणी माझ्या मागेच होतं, मतलब पूरी गाडी भरून. ती आजी आता पण येते. प्रत्येक फेरीला तिथेच उभी राहते. कळशी नाही आणत. फक्त बघते. मी दुसऱ्या साइडने उतरतो.'

दिलं म्हणून लिहिलं असतंस तर मला इथे बसून काय कळणार होतं? मी सुखाने विश्वास ठेवला असता, मिठाई वाटली असती. तू नाही दिलं म्हणून लिहिलंस. गेल्या मे महिन्यात म्हणाले होते ते परत घेते. माझाच आहेस तू.

आता इथलं सांगते, मग तुझ्याकडे येते.

नवे माठ आणले. दोरी बांधली. बाबा उभे राहतात, गार्डची शिट्टी घेऊन, पण गुडघे साथ देत नाहीत, अर्ध्या तासात बाकावर बसतात. द्वारका प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून रांग सांभाळते. काय आवाज आहे तिचा! मुरलीधरजी सुद्धा रांगेत उभे राहिले परवा, घाबरून. पेला अजूनही ज्याचा त्याने भरायचा, ते मी सोडलेलं नाही. हंडेवाल्यांसाठी मात्र वेगळा ड्रम ठेवला आहे, आणि त्यातून मी स्वतः भरून देते. वरून ओतताना हात जड होतो. तरी ओतते. दुपारचे कूलर बंद ठेवून ते पाणी बाहेर द्यावं असं मी मीटिंगमध्ये मांडलं, त्यावर एवढी भांडणं झाली की अनिमेषने टिपणं काढली. अर्धी घरं तयार झाली, अर्ध्यांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. चालायचंच. मला न बोलणाऱ्यांची आता सवय आहे.

हा उन्हाळा सरेल, पण पुढचा याच्याहून वाईट येणार म्हणतात. माणसं हंडे घेऊन येतच राहणार, आणि कुणाला तरी तिथे उभं राहावं लागणार. मला वाटायचं माझ्या मुलाने हे काम करू नये. आता वाटतं, करायचंच आहे तर माझ्या मुलासारख्याने करावं. पण दुसऱ्या बाजूने उतरणाऱ्याने नाही, राजा.

तर ऐक. सुट्टी टाक आणि घरी ये. पण थेट येऊ नकोस. आधी कळशी घे, चांगली घासून, गळ्यापर्यंत भर. त्या आजीचं घर शोध, गाव काही मोठं नसेल. वर्दी घालूनच जा, तिला ओळखता आलं पाहिजे. सिग्नलची गोष्ट तिला सांगत बसू नकोस. सिग्नल तिला तुझ्याआधी माहीत असतील. कळशी तिच्या हातात दे आणि उभा राहा.

कदाचित ती ती कळशी तुझ्यासमोर मातीत ओतून टाकेल. तिचा हक्क आहे. ओतू दे. परत जा, परत भरून आण. तिने घेतली की मगच जयपूरची गाडी पकड. कितीही दिवस लागू देत, मी वाट बघते.

तुझी आई